एक हजार एकोणनव्वदचा पाढा

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या रस्त्याला लागलं की चिकलठाणा, शेंद्रा आणि मग करमाड येतं. या पट्ट्यात जमिनीचा व्यवहार निघाला की एकाच वावराबद्दल तीन भाषांत बोललं जातं. शेतकरी एकर आणि गुंठे सांगतो. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर लिहिलेले असतात. प्लॉट घ्यायला आलेला माणूस चौरस फुटांचा भाव विचारतो. शेतकऱ्याचा गुंठा आणि गिऱ्हाइकाचा फूट यांना जोडणारा आकडा आहे १०८९, कारण एका गुंठ्यात तितके चौरस फूट असतात. दोन गुंठे झाले की २१७८, तीन झाले की ३२६७, चार झाले की ४३५६. एवढ्या मोठ्या संख्येच्या उड्या मारत मोजणं ही दिसायला आजची गोष्ट आहे, पण तिच्यामागे बराच लांबचा इतिहास आहे. माझं म्हणणं असं की जमीन मोजताना किती मोठी उडी मारायची, हे त्या जमिनीने किंवा तिच्यात राबणाऱ्याने सहसा ठरवलेलं नाही. जमिनीकडे ज्या नजरेने पाहिलं गेलं, त्या नजरेने ते ठरवलं. आधी ती नजर दान देणाऱ्या राजाची होती, मग सारा वसूल करणाऱ्या सरकारची, आणि आज ती प्लॉट विकत घेणाऱ्याची आहे. प्रत्येक वेळी उडी बदलली, आणि उडीबरोबर आकड्यांतली नक्षीही बदलली.

सर्वांत जुनी उडी विसाची. सातवाहनांच्या काळातल्या नाशिकच्या लेण्यांमधल्या लेखांत गौतमीपुत्र सातकर्णीने भिक्खूंना दिलेली जमीन निवर्तनांत मोजलेली आहे. एका दानात २०० निवर्तनं, पुढच्यात १००. हे निवर्तन किती, याची एक व्याख्या भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत दिली आहे. दहा हातांचा एक वंश, आणि चारही बाजू वीस वंशांच्या असलेलं क्षेत्र म्हणजे निवर्तन. वीस गुणिले वीस, म्हणजे चारशे चौरस वंश. ही व्याख्या पोथीतच राहिली असं नाही. सभासदाच्या बखरीत शिवकालीन मोजणीची जी रीत सांगितली आहे, तिच्यात काठी पाच हात पाच मुठींची आहे, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद जागेचा बिघा होतो, आणि १२० बिघ्यांचा चावर. लीलावतीपासून शिवकालापर्यंत हात लहानमोठा झाला असेल, काठीची लांबी बदलली असेल, पण विसाला विसाने गुणण्याचा सांगाडा पक्का राहिला. बिघा आणि काठी यांच्या मध्ये पांड आला, तोही विसाव्या हिश्शाचाच. बोलण्यातही वीस होताच. साठाला तीन विसा आणि शंभराला पाच विसा म्हणणारी माणसं मराठवाड्याच्या खेड्यांत फार जुनी नाहीत. चारशेचा पाढा म्हणायला पाठांतर लागत नाही. चारचा पाढा येत असला की झालं, पुढे दोन शून्यं. ज्याला लिहिता येत नव्हतं त्यालाही आपल्या शेताचा हिशेब डोक्यात धरता येईल, इतकी ती उडी सोपी होती.

औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, परिसराला मोजणीचं महत्त्व राज्यकर्त्यांनी आणखी दोनदा शिकवलं. खडकी या नावाने हे शहर वसवणाऱ्या मलिक अंबरने निजामशाहीच्या पडत्या काळात जमिनीच्या प्रतीप्रमाणे सारा ठरवण्याची जी व्यवस्था घातली, तिचं नाव पुढे कित्येक पिढ्या घेतलं जात होतं. त्यानंतर १६५० च्या दशकात, औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना, मुर्शिद कुली खान या दिवाणाने उत्तरेतली तोडरमलाची पद्धत इथल्या मातीला जुळवून घेतली. या दोन्ही वेळी मोजणीचा उद्देश वसुलीचा होता, पण मोजमापाची उडी मात्र रयतेच्या अंगवळणी पडलेली विसाचीच राहिली. मुघलांच्या बिघ्यातही वीस बिस्वेच होते. सरकार बदललं तरी कुळकर्ण्याला नवा पाढा शिकावा लागला नाही.

तो शिकावा लागला एकोणिसाव्या शतकात, आणि त्याचं मूळ भीमा-गोदेच्या खोऱ्यात नसून इंग्लंडच्या शेतात आहे. एडमंड गंटर या गणितज्ञाने १६२० च्या सुमारास ६६ फुटांची, शंभर कड्यांची साखळी प्रचारात आणली. तिचं कौतुक असं की एकर हे वेडंवाकडं माप तिने दशमानात बसवलं. दहा चौरस साखळ्या म्हणजे बरोबर एक एकर. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यात जी पाहणी केली आणि जी पुढे मुंबई इलाख्याची पद्धत म्हणून रूढ झाली, तिच्यात या साखळीची निम्मी लांबी घेतली गेली. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद जागा म्हणजे गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. साखळीचे सोळा भाग पाडून त्यांना आणे म्हटलं गेलं, त्यामुळे गुंठाही सोळा आण्यांचा झाला. निजामाच्या राज्यात सालारजंगांच्या दिवाणगिरीत, १८७० च्या दशकात, हीच मुंबईची पद्धत मराठवाड्यात आली. सर्व्हे नंबर पडले, बांधावर दगड रोवले गेले, पोटखराबा वेगळा काढला गेला, आणि करमाडसारख्या गावांतल्या बिघ्यांचे एकर-गुंठे झाले.

इथे एक प्रश्न उभा राहतो. विसाच्या उडीला पिढ्यान्‌पिढ्या सरावलेल्या लोकांनी ही परकी उडी इतक्या सहज कशी घेतली? सरकारी सक्ती हे त्याचं एक उत्तर, पण ते पुरेसं नाही. सक्तीने आणलेली बरीच मापं कागदावरच राहतात. गुंठा तर दीडशे वर्षांनंतर आणि दशमान पद्धती आल्यावरही लोकांच्या तोंडी आहे. मला त्याचं कारण चाळीस या आकड्यात दिसतं. बाजारात धान्याचा मण चाळीस शेरांचा होता आणि वीस मणांची खंडी होती. चाळीस म्हणजे दोन विसा. साखळी परकी असली तरी एकराचे चाळीस भाग करणं इथल्या माणसाला शेर-मणासारखंच वाटलं असणार. पंतोजींच्या शाळेतलं पाठांतरही इथे कामी आलं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी ही अपूर्णांकांची घोकंपट्टी पैशाच्या आणि धान्याच्या हिशेबासाठी होती. चाळीस गुंठ्यांच्या एकराला एक रुपया आकार धरला, तर सोळा आण्यांत चाळीस गुंठे बसतात, म्हणजे दर आण्याला अडीच गुंठे. अडीचकी ज्याला येते त्याला आकारणीचा हिशेब आयता येतो: एक आणा अडीच, दोन आणे पाच, तीन आणे साडेसात, चार आणे दहा. अवघड उड्या मारण्याची सवय निजामाच्या मुलखात दुसऱ्या एका कारणानेही होती. तिथे हाली सिक्का चालत होता, आणि ब्रिटिश मुलखाशी व्यवहार करताना १०० कलदार रुपयांचे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली धरावे लागत. सहा कलदारांचे सात हाली, एवढंच ते प्रमाण. जालन्याच्या बाजारातल्या व्यापाऱ्याला ते तोंडपाठ नसून भागणार नव्हतं.

आता पहिला मोठा आक्षेप. कुळकर्णी आणि पाटील एकर, गुंठे आणि आणे मोजत होते. चौरस फूट त्यांनी मोजलेच नाहीत. मग १०८९ च्या पाढ्याला इतिहास कसला? आक्षेप खरा आहे, आणि माझ्या म्हणण्याला त्याने बळच मिळतं. गुंठा आला तेव्हा १०८९ त्याच्या पोटात होता, पण तो मोजायची गरज कोणाला नव्हती. ज्वारी-बाजरीच्या वावरात चौरस फुटाला किंमत नसते. औत चालतं ते तासात, वखर फिरते ती एकरात. चौरस फुटाला किंमत येते ती जमिनीवर घर बांधायचं ठरतं तेव्हा. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग विसाव्या शतकाच्या तोंडावर इथून गेला आणि करमाडला स्टेशन मिळालं, तरीही जमीन शेतीचीच राहिली. पालट झाला तो औरंगाबाद पूर्वेकडे वाढू लागल्यावर. शहरात गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या शेतजमिनींवर वस्त्याच्या वस्त्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांना नियमित करण्यासाठी २००१ साली राज्याने जो कायदा केला त्याच्या नावातच गुंठेवारी आहे. त्याच सुमारास शेंद्र्याची औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेतलं ऑरिक शहर तिला जोडून आलं. त्याच्या ऑरिक हॉलचं उद्घाटन सप्टेंबर २०१९ मध्ये झालं. रस्त्याकडेच्या वावरांत चुन्याच्या रेषा पडल्या, वीस बाय तीस आणि तीस बाय चाळीसचे प्लॉट निघाले, आणि गुंठ्याच्या पोटात दीडशे वर्षं पडून असलेला आकडा अचानक सगळ्यांच्या कामाचा झाला.

हा आकडा मापातून आला नसून गिऱ्हाइकाच्या नजरेतून आला, याचा पुरावा निजामाच्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तेलंगणातही गुंठा आहे, तोच, ३३ फूट गुणिले ३३ फुटांचा, एकराला चाळीस. पण तिथे प्लॉट चौरस गजांत विकले जातात. एका गुंठ्यात चौरस गज १२१. म्हणून हैदराबादच्या आसपास त्याच गुंठ्याचा पाढा १२१, २४२, ३६३, ४८४, ६०५ असा चालतो. राज्य एक होतं, मोजणी एका धर्तीची होती, गुंठा एक आहे. विकत घेणारा गजाने मोजतो की फुटाने, एवढ्या फरकाने पाढा वेगळा झाला.

हा पाढा नुसता मोठा आहे असं नाही, तो सुंदरही आहे, आणि त्याचं सौंदर्य समजून घेण्यासारखं आहे. पहिले नऊ आकडे लिहून पाहावेत: १०८९, २१७८, ३२६७, ४३५६, ५४४५, ६५३४, ७६२३, ८७१२, ९८०१. प्रत्येकाचे दोन-दोन अंकांचे भाग केले तर डावीकडे १०, २१, ३२, ४३, ५४ असे अकरा-अकराने चढत जातात आणि उजवीकडे ८९, ७८, ६७, ५६, ४५ असे अकरा-अकराने उतरतात. मोठ्याने म्हटलं तर दहा एकोणनव्वद, एकवीस अठ्ठ्याहत्तर, बत्तीस सदुसष्ट, असा त्याला ठेकाही येतो. पहिला आणि नववा आकडा एकमेकांची उलटी मांडणी आहेत, १०८९ आणि ९८०१. तसेच दुसरा आणि आठवा, तिसरा आणि सातवा, चौथा आणि सहावा. मधला ५४४५ उलट वाचला तरी तोच. कारण साधं आहे: १०८९ म्हणजे अकराशे वजा अकरा. दर उडीला अकराशे पुढे जायचं आणि अकरा मागे यायचं. पाच गुंठे म्हणजे ५५०० वजा ५५, म्हणजे ५४४५. पूर्ण एकर म्हणजे ४४,००० वजा ४४०, म्हणजे ४३,५६०. अशी वाट काढणंही आपल्याकडे नवं नाही. लीलावतीत गुणाकाराच्या ज्या रीती आहेत त्यांत एक अशी की गुणकात सोयीची संख्या मिळवायची किंवा त्यातून काढायची, गुणायचं, आणि मग तेवढी दुरुस्ती करायची. तिथे १३५ गुणिले १२ चं उत्तर १६२० काढताना बाराचे वीस करून मग आठपट वजा करता येते. ज्या ग्रंथाच्या अध्ययनासाठी आणि त्याच्या कर्त्याच्या इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटण्याला मठ स्थापन झाल्याचा १२०७ चा शिलालेख आहे, ते पाटणं चाळीसगावजवळ, म्हणजे या जिल्ह्याच्या डोंगररांगेपलीकडेच आहे.

पाढ्यात पडताळाही आहे. १०८९ ला ९९ ने भाग जातो, आणि शंभराला ९९ ने भागलं तर बाकी एक उरते. म्हणून गुंठ्यांच्या चौरस फुटांचे उजवीकडून दोन-दोन अंकांचे भाग करून बेरीज केली की ९९ यायलाच हवे. दहा गुंठे म्हणजे १०,८९०: एक, आठ आणि नव्वद, बेरीज ९९. वीस गुंठे म्हणजे २१,७८०: दोन, सतरा आणि ऐंशी, ९९. एकर म्हणजे ४३,५६०: चार, पस्तीस आणि साठ, ९९. एकापासून चाळीस गुंठ्यांपर्यंत एकही आकडा याला अपवाद नाही. ५४४५ लिहिताना पहिले दोन अंक उलटे पडून ४५४५ झालं, तर बेरीज नव्वद येते आणि चूक लगेच दिसते. जोड्यांचीच अदलाबदल झाली तर मात्र हा पडताळा फसतो, हेही लक्षात ठेवावं. खरेदीखतावरच्या आकड्यावर सही करण्यापूर्वी पूर्ण गुंठ्यांचा व्यवहार असेल तर ही बेरीज करायला अर्धं मिनिट पुरतं. ही रीत शेतकऱ्याच्या घरात पोचायला हवी, असं मला मनापासून वाटतं. आजवर मोजणीचा पाढा ज्याला येतो तो कधी कुळकर्णी होता, कधी मोजणीदार आणि आता एजंट. जमीन ज्याची, त्याला मात्र तो क्वचितच शिकवला गेला.

दुसरा आक्षेप गणिताच्या बाजूने येतो, आणि तो मोठ्या माणसाचा आहे. जी. एच. हार्डी यांनी १९४० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात नेमके हेच आकडे घेतले आहेत. उलट वाचून तशाच राहणाऱ्या संख्या सोडल्या, तर आपल्या उलट्या मांडणीच्या पूर्ण पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या दोनच, ८७१२ आणि ९८०१. पहिली २१७८ ची चौपट, दुसरी १०८९ ची नऊपट. हार्डी म्हणतात की अशा गोष्टी कोड्यांच्या सदरात शोभतील, गंभीर गणितज्ञाला त्यांत काही नाही, कारण त्या फारच विशिष्ट आहेत आणि त्यांतून व्यापक असं काही निघत नाही. गणिताच्या खोलीबद्दल ते बरोबर असतील. पण मोजणीचा इतिहास लिहिताना हाच निकष उलटा होतो. माणूस दहाच्या पद्धतीने लिहितो, म्हणूनच ती नक्षी त्याच्या उपयोगाची असते. महाराष्ट्राकडे हार्डींना दिलेलं एक उत्तर आधीच आहे. देवळालीच्या शाळेत गणित शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर आयुष्यभर अशाच अंकांच्या मागे लागले. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येबद्दल सांगितलं, विद्यापीठांतल्या पुष्कळांनी ते खेळ म्हणून सोडून दिलं, आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांच्या लेखानंतर त्यांचं नाव जगभर गेलं. कापरेकर संख्या म्हणून जो प्रकार ओळखला जातो, त्यात ९९ आहे: तिचा वर्ग ९८०१, आणि ९८ अधिक १ पुन्हा ९९. आता हे जमिनीवर आणून पाहावं. ९८०१ चौरस फूट म्हणजे बरोबर नऊ गुंठे, आणि नऊ गुंठ्यांचा चौरस तुकडा ९९ फूट लांब आणि ९९ फूट रुंद असतो, कारण त्याच्या प्रत्येक बाजूवर ३३ फुटांच्या तीन साखळ्या बसतात. तसंच चार गुंठ्यांच्या ४३५६ चौरस फुटांचा तुकडा ६६ फुटांचा, म्हणजे गंटरच्या पूर्ण साखळीचा. हार्डींनी ज्या संख्या कोड्यांच्या सदरातली गंमत म्हणून बाजूला ठेवल्या, त्या इथे बांधाच्या लांबीत उतरलेल्या आहेत.

कोणी म्हणेल, ३३ चा वर्ग अकराशे वजा अकरा निघावा हाही योगायोगच. पूर्णपणे नाही. १०८९ म्हणजे नऊ गुणिले १२१. यातला नऊ हा गजाचा, एका चौरस गजात नऊ चौरस फूट बसतात म्हणून. १२१ हा अकराचा वर्ग, आणि अकरा आला इंग्लंडच्या शेतातल्या साडेपाच गजांच्या काठीतून. दोन काठ्या म्हणजे अकरा गज, म्हणजेच आपली ३३ फुटांची साखळी. दहाला एक कमी नऊ आणि दहाला एक जास्त अकराचा वर्ग, या दोघांचा गुणाकार झाला की दहाच्या पद्धतीत नक्षी उमटणारच. दुसऱ्या देशाची काठी, तिथलाच गज आणि आपल्याकडून जगभर गेलेली दहाची मांडणी अशी ही गाठ पडली आहे.

मोजणीची पुढची उडी सरकारने कधीच ठरवून टाकली आहे. दशमान मापं आल्यापासून सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर आहेत. आर म्हणजे शंभर चौरस मीटर, आणि पाढा शंभराचा, ज्यात नक्षी नाही आणि अडचणही नाही. अडचण आहे ती दोन उड्यांच्या जवळिकीत. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा आहे, म्हणजे आरपेक्षा जरासाच मोठा, आणि बोलताना चाळीस आरला सर्रास एकर म्हटलं जातं. एका आरमध्ये चौरस फूट भरतात १०७६.३९. एका गुंठ्यामागे फरक साडेबारा चौरस फुटांचा, डोळ्यांना न दिसणारा. एकराला तोच ५०४ चौरस फूट होतो, गुंठ्याच्या निम्म्याजवळ जाणारा. ज्वारीच्या वावरात या फरकाने कोणाचं काही अडलं नसतं. पण दोन हेक्टरांचा सातबारा पाच एकर म्हणून बोलला गेला आणि भाव चौरस फुटाने ठरला, की २५२२ चौरस फूट फक्त बोलण्यात उरतात, जमिनीवर सापडत नाहीत. तीस बाय चाळीसचे दोन प्लॉट आणि वर १२२ चौरस फूट.